विकिरण जीवशास्त्रात संशोधन करायचंय? आधी मात्रा मोजायला शिका

विद्यापीठातल्या विकिरण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवं माणूस आलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "इथे काम करणं धोक्याचं आहे का?" दुसरा, "मी फिजिक्सचा, मला पेशी वाढवणं जमेल का?" किंवा याच्या उलट, "मी बायोलॉजीची, मला ते गणित झेपेल का?" धोक्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते : या विषयात येणारा प्रत्येक जण अर्धाच तयार असतो. भौतिकशास्त्रातून आलेल्याला पेशींचा धाक वाटतो, जीवशास्त्रातून आलेल्याला यंत्राचा. उरलेला अर्धा भाग पहिल्या वर्षात शिकायचा असतो. ज्यांच्या नावाने आपण मात्रा मोजतो ते लुईस हॅरॉल्ड ग्रे मूळचे भौतिकशास्त्रज्ञच. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून बाहेर पडून ते रुग्णालयात गेले आणि पुढे ट्यूमरमधल्या ऑक्सिजनचा माग काढत राहिले.

विषय नेमका काय आहे, ते एका हिशेबातून सांगते. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती एक ग्रे मात्रा. माणसाच्या अख्ख्या शरीराला ४ ग्रे मिळाले, तर त्या ऊर्जेने शरीराचं तापमान वाढेल जेमतेम एक हजारांश अंश सेल्सिअस. कुणाला जाणवणारही नाही. तरीही उपचार मिळाले नाहीत तर एवढ्या मात्रेने साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. ऊर्जा थोडी, पण ती डीएनएवर आणि त्याच्या आजूबाजूला गुच्छागुच्छाने पडते. एका ग्रेमागे एका पेशीत सुमारे १,००० एकेरी तुटी आणि ३० ते ४० दुहेरी तुटी होतात. एकेरी तूट पेशी सहज सांधते, कारण समोरचा धागा शाबूत असतो आणि त्यावर बघून भरणा करता येतो. दुहेरी तुटीत दोन्ही धागे गेलेले. तिथे चुका होतात, गुणसूत्रांचे तुकडे भलत्याच तुकड्यांना चिकटतात. पेशीचं मरण, वर्षानुवर्षांनी होणारा कर्करोग आणि त्याच कर्करोगावरचा किरणोपचार, तिन्हींची वाट इथूनच फुटते.

पायरी पहिली : थोडं वाचा, पण जुनं वाचा

नवखे विद्यार्थी गेल्या दोन वर्षांतले लेख गोळा करून येतात आणि त्यातल्या प्रथिनांच्या नावांत बुडून जातात. तसं करू नका. विकिरण जीवशास्त्राचं कुठलंही एक प्रमाण पाठ्यपुस्तक घ्या आणि पहिला अर्धा भाग पेन्सिल हातात धरून वाचा. त्याच्या जोडीला चार-पाच मुळातले शोधनिबंध वाचा. १९२७ सालचा हर्मन मुलर यांचा, फळमाशीत क्ष-किरणांनी उत्परिवर्तनं होतात हे दाखवणारा. १९५६ सालचा थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांचा, ज्यात बशीत वाढवलेल्या मानवी पेशींचा जगण्याचा आलेख पहिल्यांदा काढला गेला. १९५९ सालचा एल्काइंड आणि सटन यांचा : तीच मात्रा दोन हप्त्यांत, मध्ये काही तासांची उसंत देऊन दिली तर जास्त पेशी वाचतात. किरणोपचार हप्त्याहप्त्याने का देतात याचं एक मूळ त्या निबंधात आहे. आणि १९९२ सालचा नागासावा व लिटल यांचा, ज्यात अल्फा कण जेमतेम एक टक्का पेशींच्या केंद्रकांतून गेले असताना सुमारे ३० टक्के पेशींत गुणसूत्रांवर परिणाम दिसला.

हे निबंध छोटे आहेत, साध्या साधनांनी केलेले आहेत, आणि प्रश्न कसा विचारावा हे त्यांतून कळतं. १९०६ सालचा बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांचा नियमही तुमच्या कानावर पडेल : ज्या पेशी जास्त विभागतात आणि कमी घडलेल्या असतात, म्हणजे ज्यांचं ठरावीक काम अजून पक्कं झालेलं नसतं, त्या किरणांना जास्त बळी पडतात. नियम चांगला आहे, पण मुलाखतीत कुणी विचारलाच तर त्याचा अपवादही सांगा. रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सहसा विभागत नसतात, तरी थोड्याशा मात्रेने मरतात.

पायरी दुसरी : प्रयोगशाळा पारखा

प्रयोगशाळा निवडताना लोक तिचं नाव बघतात, शोधनिबंधांची संख्या बघतात. मी एकच गोष्ट आधी बघते. त्यांच्या अलीकडच्या निबंधातला पद्धतींचा भाग उघडते आणि विकिरण दिल्याचं वाक्य शोधते. "पेशींना ५ ग्रे दिले" एवढंच लिहिलं असेल, तर मी सावध होते. स्रोत कोणता? क्ष-किरण असतील तर किती किलोव्होल्ट, कमी ऊर्जेचे किरण अडवणारी गाळणी कोणत्या धातूची? मात्रा-दर किती, म्हणजे मिनिटाला किती ग्रे? मात्रा मोजली कशाने? पेशी कोणत्या भांड्यात, स्रोतापासून किती अंतरावर होत्या? हे चार ओळींत मावतं. ज्यांना या चार ओळी लिहाव्याशा वाटत नाहीत, त्यांच्याकडे बाकी सगळं उत्तम असलं तरी तुम्ही तिथून अर्धवटच शिकून बाहेर पडाल.

भेटीला गेलात तर गाईडशी बोलण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला, शक्यतो गाईड खोलीत नसताना. विकिरण यंत्र स्वतःचं आहे की दुसऱ्या विभागाकडून वेळ मागून घ्यावा लागतो? यंत्राचं अंशांकन, म्हणजे ते खरोखर किती मात्रा देतं याची मोजणी, कोण करतं, शेवटचं कधी झालं? मागच्या पाच विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत? प्रयोग फसला तर बैठकीत काय होतं? या शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थी एकमेकांकडे बघून हसले तर ते हसू नीट वाचा. शिष्यवृत्ती कुठून येते आणि किती वर्षांची आहे, हे मात्र गाईडलाच सरळ विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पायरी तिसरी : पत्र

"मला आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे" अशा पत्रांचे ढीग पडतात आणि ती वाचली जात नाहीत. चांगलं पत्र दहा-बारा ओळींचं असतं आणि त्यात एक खरा प्रश्न असतो. उदाहरणार्थ :

"मॅडम, आपल्या गटाच्या निबंधात कमी ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या पेशींचा जगण्याचा आलेख पाहिला. पेशी विकिरणाच्या वेळीही कमी ऑक्सिजनमध्येच होत्या, की यंत्रापर्यंत नेताना झाकण उघडून हवा लागली, हे मला कळलं नाही. मी एमएस्सीच्या प्रकल्पात पेशी वाढवायला शिकले आहे. विकिरणाचा अनुभव नाही. आपल्याकडे पीएचडीसाठी जागा असेल तर भेटायला आवडेल."

असं पत्र आलं की मी उत्तर देतेच. या मुलीला ऑक्सिजनचा परिणाम माहीत आहे : ऑक्सिजन असताना क्ष-किरणांचा घाव अडीच ते तीन पट जास्त बसतो, म्हणजे झाकण उघडलं की प्रयोगच बदलला. आणि जे येत नाही तेही तिने लपवलेलं नाही.

पायरी चौथी : धोका किती, आणि कशाचा

आता पहिला प्रश्न. आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाची शिफारस बहुतेक देशांनी कमी-अधिक फरकाने स्वीकारली आहे : विकिरणाच्या कामावरच्या माणसाला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे माणसाची जोखीम धरून काढलेल्या मात्रेचं एकक), सरासरी पाच वर्षांची, आणि कुठल्याही एका वर्षी ५० पेक्षा जास्त नाही. सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून निसर्गतःच मिळणारी मात्रा जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास आहे. जैविक प्रयोगांसाठीची यंत्रं सहसा जाड शिशाच्या कवचात बंद असतात, दार उघडं असताना ती चालतच नाहीत. त्यामुळे नीट चाललेल्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याच्या अंगावरच्या मात्रा मोजणाऱ्या बॅजवर जवळपास काहीच चढत नाही. माझ्या पाहण्यात किरणांनी इजा झालेलं कुणी नाही. द्रव नायट्रोजनने बोटं पोळलेले मात्र बरेच आहेत.

तरी सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. बॅज दुसऱ्याला वापरायला देऊ नका, आणि तो एप्रनसकट यंत्राच्या खोलीत टांगून घरी जाऊ नका. महिन्याअखेर तुमच्या नावावर भलतीच मात्रा निघते आणि मग खुलासे करत बसावं लागतं. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला लवकर कळवा. कळवल्यापासून बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते. त्याने काम थांबत नाही, कामाची आखणी बदलते.

उघडे किरणोत्सारी पदार्थ वापरणारी प्रयोगशाळा असेल तर नियम वेगळे. फॉस्फरस-३२ च्या बीटा कणांसाठी शिसं नव्हे, ॲक्रिलिकचा पडदा लावतात, कारण शिशात ते कण अडले की उलट क्ष-किरण निघतात. ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, गायगर काउंटरला दिसतच नाही. काउंटर शांत आहे म्हणून टेबल स्वच्छ आहे असं समजलात तर फसाल. टेबल पुसून तो कागद सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजावा लागतो.

आणि एक शब्दाची खोड. पेशींच्या बशीला सिव्हर्ट देऊ नका. सिव्हर्ट हे माणसाच्या संरक्षणासाठीचं, जोखमीचा भार लावून काढलेलं एकक आहे. बशीत ग्रे.

पायरी पाचवी : यंत्राशी ओळख

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं पहिलं "संशोधन" इथेच झालं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला किरणांना दाद न देणाऱ्या पेशी सापडल्या. निदान मला तसं वाटलं. ५ ग्रेनंतर अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त पेशी जगत होत्या, तीनदा केलं तरी तेच. मी रात्री जागून कारणांची यादी केली, कुठलं दुरुस्ती-प्रथिन वाढलं असेल याचे अंदाज बांधले. तीन आठवड्यांनी एका सिनियरने मला यंत्राशेजारी चिकटवलेला तक्ता दाखवला. त्यावरून मी किती मिनिटं ठेवायचं ते काढत होते. कोपऱ्यात पेन्सिलने, पुसट, तारीख होती. दीड वर्षापूर्वीची. स्रोत कोबाल्ट-६०. त्याचा अर्धायुष्यकाळ ५.२७ वर्षं, म्हणजे दीड वर्षात त्याची ताकद सुमारे १८ टक्क्यांनी उतरली होती. ५ ग्रे समजून मी जेमतेम ४.१ देत होते. पेशी अगदी सर्वसाधारण होत्या.

तर यंत्राजवळ गेल्यावर हे करा. स्रोत कोणता ते विचारा. कोबाल्ट-६० असेल तर दर महिन्याला सुमारे एक टक्क्याचा फरक धरून वेळ नव्याने काढा. सीझियम-१३७ असेल तर अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, तिथे वर्षाला दोन-सव्वादोन टक्के. क्ष-किरण नळी असेल तर अशी आपोआप होणारी घट नाही, पण व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि गाळणी बदलली की मात्रा बदलते. गाळणी लावायला विसरलात तर मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण जास्त येतात आणि वरच्या थरातल्या पेशींना खालच्यांपेक्षा बरंच जास्त मिळतं. सुरक्षेच्या कारणांनी बऱ्याच संस्था सीझियमची यंत्रं काढून क्ष-किरण यंत्रं आणत आहेत. तुमच्याकडे असा बदल चालू असेल तर जुन्या यंत्रावरचे आकडे नव्या यंत्रावरच्या आकड्यांशेजारी तसेच मांडू नका. किरणांची ऊर्जा वेगळी, मात्रा-दर वेगळा. आपल्या पेशींचा एक आलेख दोन्हीकडे काढून घ्या.

मग अंतर. स्रोतापासून ३० सेंटिमीटरऐवजी ३३ सेंटिमीटरवर बशी ठेवली तर मात्रा सुमारे १७ टक्क्यांनी कमी होते. तीन सेंटिमीटर म्हणजे खाली एक खोकं कमी ठेवणं. म्हणून बशी कुठे ठेवली, खाली काय होतं, बशीत किती मिलिलिटर द्राव होता, हे सगळं वहीत लिहायचं, जमलं तर फोटो काढायचा. विकिरणाने रंग बदलणारी फिल्म मिळते. तिचा तुकडा बशीच्या जागी ठेवून एकदा तरी बघा की मधल्या आणि कडेच्या भागात किती फरक पडतो. विद्यापीठात वैद्यकीय भौतिकी विभाग असेल तर त्यांच्याशी मैत्री करा. आयनीकरण कक्ष, म्हणजे मात्रा अचूक मोजणारं उपकरण, घेऊन अर्धा दिवस येणारं माणूस तुमच्या दोन वर्षांच्या कामाला टेकू देतं.

शून्य मात्रेच्या, म्हणजे तुलनेसाठी किरण न दिलेल्या, बशीचंही तेच. ती इन्क्युबेटरमध्ये सुखात बसून राहायला नको. बाकीच्यांबरोबर तिनेही यंत्रापर्यंत जायचं, तेवढाच वेळ थंडीत काढायचा, यंत्राच्या बंद खोलीत बसायचं, परत यायचं. नाहीतर तुम्ही मोजाल तो परिणाम किरणांचा की प्रवासाचा, कुणी सांगू शकणार नाही.

पायरी सहावी : कॉलनी मोजणं

विकिरण जीवशास्त्रात एकच प्रयोग शिकायचा ठरवलात तर हा शिका. विखुरलेल्या एकट्या पेशी बशीत पेरायच्या, मात्रा द्यायची, १० ते १४ दिवस न हलवता ठेवायच्या, मग रंगवून मोजायच्या. ५० किंवा त्याहून जास्त पेशींचा पुंजका म्हणजे एक कॉलनी, म्हणजे मूळची ती एक पेशी "जगली".

इथे जगणं या शब्दाचा अर्थ नेहमीपेक्षा वेगळा आहे, आणि नवखे त्यावर हमखास घसरतात. मात्रा मिळालेली पेशी लगेच मरत नाही. ती श्वसन करते, रंग घेते, सूक्ष्मदर्शकाखाली टवटवीत दिसते, एक-दोनदा विभागतेसुद्धा. मग तुटकी गुणसूत्रं वाटता वाटता तिची वंशावळ खुंटते. म्हणून ४८ तासांनी रंगाची पट्टी बघून "पेशी जिवंत आहेत" असं म्हणणारी झटपट चाचणी विकिरणासाठी दगा देते. औषधांच्या प्रयोगशाळेतून आलेल्यांना ही सवय सोडायला वेळ लागतो. ट्यूमर परत वाढेल का, हा प्रश्न असतो, आणि त्यासाठी वंश चालवणारी पेशीच मोजावी लागते.

हिशेब सोपा आहे. मात्रा न दिलेल्या बशीत १०० पेशी पेरल्या आणि ७० कॉलनी आल्या, तर पेरणीची कार्यक्षमता ७० टक्के. ४ ग्रेच्या बशीत १,००० पेशी पेरल्या आणि ७० कॉलनी आल्या. या १,००० पैकी किरण न देताही ७०० च उगवल्या असत्या. म्हणून जगलेला अंश ७० भागिले ७००, म्हणजे ०.१. जास्त मात्रेला जास्त पेशी पेराव्या लागतात, म्हणजे मोजण्याइतक्या कॉलनी मिळतात. किती पेराव्या हे पहिल्या प्रयत्नात चुकणार, हे धरून चाला.

असे बिंदू लॉगरिदमच्या कागदावर मांडले की खाली झुकणारा, खांदा असलेला, म्हणजे आधी हळू आणि मग जास्त वेगाने उतरणारा आलेख मिळतो. त्याला बसवायचं समीकरण म्हणजे मात्रेच्या प्रमाणात एक भाग आणि मात्रेच्या वर्गाच्या प्रमाणात दुसरा; त्यांचे गुणक म्हणजे अल्फा आणि बीटा (त्या नावांच्या कणांशी यांचा संबंध नाही). त्यांचं गुणोत्तर बऱ्याच ट्यूमरसाठी १० ग्रेच्या आसपास आणि उशिरा परिणाम दाखवणाऱ्या निरोगी ऊतींसाठी ३ ग्रेच्या आसपास धरतात. डॉक्टर रोज साधारण २ ग्रेचे हप्ते देतात त्यामागे हे गणित आहे. बायोलॉजीच्या मुलांनो, एवढंच ते गणित. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

हाताच्या चुका मात्र असंख्य. माझ्या पहिल्या बशांत सगळ्या कॉलनी मध्यभागी गोळा झाल्या होत्या, कारण पेशी पसरवायच्या म्हणून मी बशी गोल गोल फिरवली. पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवायची, गोल नाही. पेशी सुट्या झाल्या नसतील तर दोन पेशींची एक कॉलनी होते आणि जगणं फुगतं. इन्क्युबेटरचं दार पाचव्या दिवशी कुणी धाडकन लावलं तर सुट्या झालेल्या पेशी बाजूला जाऊन पिल्लं कॉलनी तयार करतात. मोजताना बशीवरचं लेबल झाका, नाहीतर डोळा आपल्याला हवं तेच मोजतो. आणि एकाच दिवशी एकाच फ्लास्कमधून पेरलेल्या तीन बशा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग, तीन बशांचा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशी घेऊन, नव्याने मात्रा देऊन केला की दुसरा प्रयोग. संख्याशास्त्राच्या नावाखाली होणाऱ्या निम्म्या चुका इथे होतात.

सुरुवातीलाच पेशींची ओळख पटवून घ्या : डीएनएचा ठसा तपासायचा आणि मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत गुपचूप वाढणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंची, चाचणी करायची. फ्रीजरमधल्या नळीवर एक नाव आणि आत दुसऱ्याच पेशी, असं नळ्या उसन्या घेणाऱ्या प्रयोगशाळांत होतं.

पायरी सातवी : बाकीची हत्यारं

कॉलनी जमली की दुसरं तंत्र निवडा. हल्ली बहुतेक जण गॅमा-एच-टू-ए-एक्सकडे वळतात. दुहेरी तूट झाली की तिच्या आसपासच्या या हिस्टोनला, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाला, काही मिनिटांत फॉस्फेट लागतं, हे १९९८ साली दाखवलं गेलं. प्रतिपिंड लावून सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात ठिपके दिसतात. अर्ध्या तासाला किती, चोवीस तासांनी किती, यावरून दुरुस्तीचा वेग कळतो. सुंदर तंत्र आहे, पण ठिपका म्हणजे तूटच असं नाही. डीएनएची नक्कल अडखळली तरी ठिपके येतात.

कॉमेट चाचणी, ज्यात तुटलेला डीएनए पेशीमागे धूमकेतूच्या शेपटीसारखा पसरतो, स्वस्त आणि शिकायला सोपी. डायसेंट्रिक, म्हणजे दोन गुणसूत्रबिंदू असलेली गुणसूत्रं मोजणं, हे चिकाटीचं काम, पण त्याची किंमत टिकून आहे : अपघातात सापडलेल्या माणसाच्या रक्तातून त्याला किती मात्रा बसली हे त्यावरून काढता येतं. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात टाकून दिलेल्या किरणोपचार यंत्रातलं सीझियम लोकांच्या हाती पडलं आणि चार माणसं दगावली, तेव्हा मात्रा ठरवायला हीच पद्धत वापरली गेली. प्राण्यांवरचं काम असेल तर नैतिक समितीच्या परवानगीला महिने लागतात, अर्ज आधीच टाका.

पायरी आठवी : आपला प्रश्न

प्रश्न असा घ्या की उत्तर "हो" आलं काय, "नाही" आलं काय, निबंध लिहिता येईल. "अमुक वनस्पतीचा अर्क किरणांपासून संरक्षण देतो का" हा विषय नवख्यांना फार मोहवतो. मी त्यापासून परावृत्त करते, कारण अर्कात काय आहे ते माहीत नसतं, आणि ज्या मात्रेला संरक्षण दिसतं तेवढा अर्क शरीरात पोहोचेल का हेही नाही.

चालू काळात काम कुठे आहे ते सांगते. २०१४ साली फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की अतिप्रचंड मात्रा-दराने, सेकंदाला ४० ग्रेच्या वर, मात्रा दिली तर उंदरांच्या निरोगी फुफ्फुसाला कमी इजा होते आणि ट्यूमरवरचा परिणाम तसाच राहतो. याला फ्लॅश म्हणतात आणि हे का होतं यावर अजून भांडण आहे. शरीरात टोचायची किरणोत्सारी औषधं, ल्युटेशियम-१७७ आणि अल्फा कण सोडणारं रेडियम-२२३, रुग्णालयांत पोहोचली आहेत, पण पेशीच्या पातळीवर त्यांची मात्रा कशी मोजायची हा उघडा प्रश्न आहे. अवकाशप्रवासातल्या जड आयनांचा मेंदूवर परिणाम काय, हा आणखी एक. या तिन्ही ठिकाणी मात्रा मोजता येणारे जीवशास्त्रज्ञ कमी आणि पेशी सांभाळता येणारे भौतिकशास्त्रज्ञ त्याहून कमी.

पायरी नववी : पीएचडीनंतर

खरं सांगायचं तर विद्यापीठातल्या कायम जागा थोड्या आणि पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या हंगामी संशोधनाची, वर्षं लांबतात. पण हा विषय दुसऱ्या दारांनीही बाहेर पडतो. विकिरण सुरक्षा अधिकारी, नियामक संस्था, अपघातातली मात्रा ठरवणाऱ्या जैवमापन प्रयोगशाळा, किरणोत्सारी औषधं बनवणाऱ्या कंपन्या, कर्करोग रुग्णालयांचे संशोधन विभाग. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व्हायचं असेल तर मात्र त्यासाठी वेगळं, मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतं. विकिरण जीवशास्त्राच्या पीएचडीने ते आपोआप मिळत नाही, आणि हे चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेलं बरं. ज्याला कुठे जायचं आहे त्याने पीएचडीच्या काळातच दोन महिने तिथे घालवावेत. पोस्टडॉकसाठी वेगळं यंत्र असलेली जागा निवडा : क्ष-किरणांवर शिकलात तर प्रोटॉन किंवा आयनांच्या पुंजाकडे जा.

प्रयोगशाळा सोडताना एक आठवडा राखून ठेवा. गोठवलेल्या नळ्यांवर पेशींचं नाव, पिढीचा आकडा आणि तारीख. कच्च्या मोजण्या, बशांच्या फोटोंसकट, दोन ठिकाणी. वहीच्या शेवटी एक पान फसलेल्या प्रयोगांचं, कारणं कळली असतील तर कारणांसकट. आणि यंत्राशेजारच्या मात्रा-दराच्या तक्त्यावर अंशांकनाची तारीख मोठ्या अक्षरात, पेनने.